बुर्सियोला पडलेलं एक मत

१५ मे १९९७, गुरुवार

रुफिनो,

पाकिटावर तिकीट बघून हसू नकोस. तुझं घर माझ्या पायरीवरून दिसतं हे मलाही माहीत आहे. मधे बास्केटबॉलचं मैदान, चाळीस पावलांचं. काल मी ती चाळीस पावलं चालून तुझ्या दाराशी आले, तेव्हा तू आत होतास आणि नेनिता बाहेर येऊन म्हणाली, "मनांग, कपितान झोपलेत." सकाळचे अकरा वाजले होते. तुझ्या बायकोला खोटं बोलता येत नाही, बिचारी माझ्या चपलांकडे बघत बोलत होती. म्हणून हे पत्र आता जीपनीनं तालुक्याला जाईल, तिथला शिक्का खाईल आणि पोस्टमनच्या पिशवीतून परत याच गावात येईल. शिक्का बघून तरी उघडशील. गावचा कपितान म्हणून निवडून आलास, हल्ली तुला शिक्क्याशिवाय काही दिसत नाही.

मंगळवारची तुझी मेजवानी मी पायरीवर बसून ऐकली. ऐकली म्हणजे काय, खासदारानं पाठवलेल्या त्या भोंग्यांमुळे समुद्रातल्या माशांनीसुद्धा ऐकली असेल. डुक्करही खासदाराचं, माडीही खासदाराची. फक्त दात तुमचे. आणि तू माईक हातात घेऊन म्हणालास, "आमच्या मनांगला आता दिसत नाही हो. मतं मोजताना नावं खालची वर, वरची खाली वाचत होती. पण आपण जिंकलो, तेव्हा म्हातारीला माफ करा."

सगळे हसले. मला ज्यांचे शेंबूड पुसलेले आठवतात ते सगळे.

मग भोंग्यावरून कुणीतरी ओरडलं, "आणि नोंग बुर्सियोला एक मत! कोण रे तो वेडा?" त्यावर आणखी हसले. बहात्तर वर्षांचा माणूस, मतदानाच्या दिवशी तापानं फणफणून घरात पडलेला, स्वतःचंही मत द्यायला येऊ शकला नाही. डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी ज्यानं या गावात आणलं त्याला सभासदकीला तीनशे अकरांतलं एक मत पडलं, यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजावून सांग. तूही हसलास. भोंग्यावर तुझं हसणं वेगळं ओळखू येतं.

माझा चष्मा नाकावर होता, रुफिनो. मला सगळं दिसत होतं. तुलाही ठाऊक आहे की दिसत होतं.

पासियाना

•

२३ मे

रुफिनो,

पहिलं पत्र पोचलं हे मला कळलं, कारण त्या दिवसापासून तुमची मैदानाकडची खिडकी बंद आहे. या उकाड्यात! मुलांना तरी वारा मिळू दे.

आता ऐक. तुझ्याविरुद्ध उभा राहिलेला क्रिसांतो हरला आणि त्याच्या मागच्या मेयरनं तालुक्याच्या निवडणूक कचेरीत तक्रार केली. मला नोटीस आली आहे. त्यात म्हटलंय की मोजणीच्या वेळी अध्यक्ष शिक्षिकेनं मतपत्रिकेवर लिहिलेल्या क्रमानं नावं वाचली नाहीत, कारण जिंकलेला उमेदवार तिनं लहानाचा मोठा केलेला आहे. मोजणी रद्द करावी आणि शिक्षिकेला नोकरीवरून काढावं. सुनावणी पाच जूनला. नऊ जूनला शाळा उघडते. ऑक्टोबरात मी पासष्टची होते, म्हणजे हा माझा शेवटचा वर्ग. पहिलीत चौतीस मुलं येणार आहेत, त्यांत तुझी धाकटी.

लहानाचं मोठं केलं, हे मात्र त्यांनी खरं लिहिलं. तू नऊ वर्षांचा होतास तेव्हा वादळात तुझ्या आईबापांची होडी गेली आणि तू माझ्या स्वयंपाकघरात झोपायला आणि मला मनांग, म्हणजे थोरली बहीण, म्हणायला लागलास. कागद कधी केला नाही. कागदावर आपलं काही नातं नाही, म्हणूनच तर मला मोजणीच्या खुर्चीवर बसू दिलं. सख्खी बहीण असते तर बसूच दिलं नसतं. देवानं आणि सरकारनं मिळून ही थट्टा केली आहे.

तुला सगळं माहीत आहे, तरी लिहिते. पाच तारखेला तुला तोंड उघडायचं आहे, तेव्हा पाठ असलेलं बरं.

निवडणुकीच्या आदल्या शनिवारी बिबांग आली. तीच बिबांग, सुकी मासळी विकणारी. हातात दोन चिठ्ठ्या. एक निळ्यांची, म्हणजे तुझ्या खासदाराची. एक नारिंगी, मेयरची. नवरा मेयरच्या रस्ताकामावर रोजंदारीनं, आणि मुलीच्या नर्सिंगची शिष्यवृत्ती खासदाराकडून. दोन्ही चिठ्ठ्यांवर वर कपितानाचं नाव आणि खाली सात सभासदांची नावं.

"माएस्त्रा," ती म्हणाली, "दोघंही म्हणतात, नावं ह्याच क्रमानं लिहायची, एक नाव इकडचं तिकडे झालं तर कळेल. मतपत्रिका तर एकच मिळते. मग कशी लिहू?"

मी म्हटलं, "फेकून दे दोन्ही. तुला वाटतं ते लिही."

ती हसली. "मला काय वाटतं ते विचारायला अजून कुणी आलंच नाही."

मी दोन्ही चिठ्ठ्या ठेवून घेतल्या. निळी चिठ्ठी ओळखायला मला चष्माही लागला नाही. तुझ्या नावातला आर अजून पोट पुढे काढून उभा राहतो. तुझं अक्षर, रुफिनो. दुसरीत मी तुला फळ्यावर शंभर वेळा लिहायला लावलेलं तेच अक्षर.

मग डोक्यात प्रकाश पडला. घरागणिक सात नावं तीच, पण क्रम निराळा. मतपत्रिका वाचताना मी वरून खाली नावं मोठ्यानं वाचणार, कायदाच तसा आहे. समोरच्या बाकावर तुमचा माणूस यादी घेऊन बसणार. क्रम कानावर पडला की हे बिबांगचं घर, झाली खूण. क्रम बरोबर पण वर कपितानाचं नाव दुसरंच, तर त्या घराची गय नाही. आणि जो क्रम ऐकूच आला नाही, ते घर फितूर. पडद्यामागे मत गुप्त आणि पडद्याबाहेर माझं तोंड चहाडखोर! आणि ही युक्ती तू शिकलास कुठे? माझ्याच हजेरीत. मी रोज निराळ्या क्रमानं नावं घ्यायची, म्हणजे कोण गैरहजर मित्राची हाक देतो ते पकडता यायचं. तू तेव्हा पहिल्या बाकावर बसून दात काढत असायचास.

त्या संध्याकाळी मी तुझ्याकडे आले. तेव्हा दार उघडं होतं. तू म्हणालास, "मनांग, मेयरची माणसं हेच करतायत. मग आम्ही काय हात बांधून बसायचं?"

मी विचारलं, "आम्ही म्हणजे कोण?"

तीन वर्षांपूर्वी झऱ्याचे पाईप पुरताना तू 'आपण' म्हणायचास. आपण खणू, आपण नेऊ. तेव्हा गावात निळं कुणी नव्हतं आणि नारिंगी तर झेंडूसुद्धा नव्हता. मी वर्गाच्या दारावर सरकारी कागद डकवला होता, या निवडणुकीत कोणत्याही पक्षानं भाग घ्यायचा नाही. वा! उमेदवार पक्षाचा नाही. फक्त त्याचा शर्ट पक्षाचा, जीपनी पक्षाची, तांदळाची पोती पक्षाची आणि मैदानावरच्या बास्केटच्या फळीवर नाव पक्षाचं. कागद बिचारा दारावर लटकत होता.

सोमवारी मोजणीत बिबांगची मतपत्रिका माझ्या हातात आली. तिनं काय केलं होतं माहीत आहे? वर दोन्ही कपितान लिहिले होते, तुझं आणि क्रिसांतोचं. खाली एक निळं नाव, एक नारिंगी, एक निळं, एक नारिंगी. दोघांनाही खूश करायला निघाली होती वेडी. कपितानाचं मत बाद झालंच. ती नावं तशीच वाचली असती तर दोन्ही बाकांवर तिची खूण झाली असती. म्हणून मी क्रम बदलून वाचलं. ऐक, क्रम बदलला, मत नाही. एकही मत इकडचं तिकडे झालेलं नाही. तुला एकशे अठ्ठावन्न, क्रिसांतोला एकशे एकोणपन्नास, चार बाद. पुन्हा मोजा, तेच येईल.

तक्रारीत लिहिलंय की मी एकोणिसाव्या मतपत्रिकेपासूनच असं वाचत होते. त्यांच्या माणसाची मोजणी चुकली असेल. तो मधेच पाणी प्यायला उठला आणि खिडकीतून माझ्या खांद्यावरून डोकावला, तेव्हा सगळं फुटलं. त्याआधी मात्र गंमत झाली. निळ्या बाकावरच्यानं आणि नारिंगी बाकावरच्यानं एकाच वेळी पेन्सिली खाली ठेवल्या आणि एकमेकांकडे पाहिलं. दोन्ही पक्षांचं एकमत मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

तर पाच तारखेला तू कचेरीत ये आणि सांग, हो, चिठ्ठ्या होत्या, आमच्याही होत्या, त्यांच्याही होत्या, मनांगनं त्या निकामी केल्या. एवढंच. तुझी कपितानकी गेली तर जाईल. पुन्हा लढ आणि शर्ट न घालता जिंक.

पासियाना

•

२९ मे

रुफिनो,

तुझं उत्तर मिळालं. केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात आणि त्याखाली टाईप केलेला कागद. भात नेनितानं केलेला होता, चांगला होता, मी खाल्ला. कागद खासदाराच्या वकिलानं केलेला होता.

"मनांग, फक्त सही करायचीय," नेनिता म्हणाली. "यात तुमच्यावर काही येत नाही. वयामुळे नजर अधू झाली, ओळी चुकल्या, एवढंच लिहिलंय."

"आणि चिठ्ठ्या?"

"कसल्या चिठ्ठ्या?"

"नेनिता, माझ्याकडे बघून बोल."

ती रडायला लागली. तिला रडवायचं नव्हतं मला, तुला रडवायचं होतं. पण तू तिला पुढे करतोस. पूर्वी पेरू चोरताना सापडलास की पुढे तूच उभा राहायचास. ही अक्कल पक्षात गेल्यावर आली का?

म्हणजे असं की, मी आंधळी ठरले की मोजणी खरी, तुझी खुर्ची पक्की, निळ्यांच्या चिठ्ठ्या झाकल्या, नारिंग्यांच्याही झाकल्या. दोन्ही पक्ष हात झटकून मोकळे. आणि आंधळ्या बाईला पहिलीचा वर्ग कोण देणार? कागदात त्याबद्दल एक शब्द नाही. वकील हुशार आहे. त्याला सांग, त्याच्या कागदात माझ्या नावाच्या खाली वय चुकलं आहे. मी पासष्ट नाही, चौसष्ट आहे.

नेनिता गेली आणि थोड्या वेळानं नोंग बुर्सियो आला. काखेत कोंबडा. तांबडा, मोठ्या तुऱ्याचा, लढाईला पाळलेला. पायरीवर बसला आणि पहिलं वाक्य:

"इंदाय, तुला सगळ्या गावाचं अक्षर ठाऊक. कुणाचं गं ते मत?"

मला साठीनंतर इंदाय, म्हणजे पोरी, म्हणणारा हा एकच माणूस उरला आहे.

"मला नाही आठवत, नोंग."

"तुला? तू माझ्या मेलेल्या बायकोचं अक्षर चिठ्ठीच्या पाठीवरून ओळखायचीस."

"नाही म्हटलं ना."

"बरं बरं. रागावू नकोस. मला भांडायचं नाहीय त्याच्याशी. हा कोंबडा द्यायचाय." त्यानं कोंबड्याच्या मानेवरून हात फिरवला. "मी उभा राहिलो तेव्हा माझ्या मुलीनंसुद्धा सांगितलं, बाबा, हसं होईल, दोन्हींकडचा तांदूळ घरात आलाय. मी म्हटलं, होऊ दे. आणि बघ, एक जण निघाला. सगळ्या गावात एक जण, ज्याला पाण्याची आठवण होती."

"मग मिळाला का कुणी?"

"मिळाले की! आत्तापर्यंत अकरा जण म्हणाले, मीच तो, नोंग. कोंबडा बघितला की आठवतं त्यांना. मी प्रत्येकाला विचारतो, माझ्या नावाच्या आधी कुणाचं लिहिलं होतंस? की गडबडले." तो हसत हसत खोकला. "मत एक आणि धनी अकरा. तूच सांग, एवढं तर कपितानालाही पडलं नसेल."

तो घरोघर फिरतो आहे. तुझ्या दाराशी अजून आलेला नाही. कपितानाला कशाला त्रास द्यायचा, म्हणाला.

सही केलेली नाही. कागद इथेच आहे, भाताच्या पानाचा डाग पडला आहे त्याला.

पासियाना

•

३ जून

आज तिकीट नाही. दाराखालून सरकवते आहे. परवा सुनावणी आहे आणि पोस्टमनच्या पिशवीला घाई नसते.

बिबांगच्या नवऱ्याला काल रस्त्याच्या कामावरून काढलं. मेयरच्या मुकादमानं सांगितलं, तुमच्या घराची खूण लागली नाही, खूण लागली नाही म्हणजे फितूर. रस्त्याच्या कामावरची अशी नऊ घरं आहेत. म्हणजे मी ज्यांना वाचवायला गेले त्यांनाच बुडवलं. मी दिवसभर जेवले नाही. तू जेवलास का?

तुमच्या निळ्यांनी अजून कुणाला काढलं नाही, एवढ्यावर फुशारकी मारू नकोस. तुम्ही जिंकलात म्हणून तुम्हाला घाई नाही. बिबांगच्या मुलीची शिष्यवृत्ती जूनअखेर परत ठरते, हे मला ठाऊक आहे आणि तुझ्या खासदारालाही.

मला तुझा इतका राग आला आहे की ओळ सरळ येत नाही. बघ अक्षर. चाळीस वर्षांत माझी ओळ कधी वाकडी गेली नव्हती. तू मला काही देणं लागत नाहीस, मी केलं ते माझ्या मनानं केलं, त्याचं मोल मागायला मी आलेली नाही. मी मागते आहे ते एक वाक्य. चिठ्ठ्या होत्या. दोन शब्दांचं वाक्य आहे. पहिलीतलं मूल म्हणेल.

परवा नऊची जीपनी. मी पुढच्या सीटवर असेन. शेजारची जागा धरून ठेवते.

•

६ जून

रुफिनो,

शेजारची जागा बिबांगच्या टोपलीनं भरली. तू खासदाराच्या गाडीतून आलास.

जे झालं ते तू पाहिलंस, तरी मी लिहिणार आहे, कारण तू सारा वेळ बुटांकडे बघत होतास. नवे आहेत ना? छान आहेत.

त्या अधिकारी बाई वाईट नव्हत्या. त्यांनी तुला सरळ विचारलं, "कपितान, मतदारांना नावांच्या क्रमाच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या होत्या का?" आणि तू म्हणालास, "मला काही माहीत नाही, मॅडम." लगेच म्हणालास. थोडा वेळ तरी घ्यायचास. मग त्यांनी क्रिसांतोला विचारलं. तो म्हणाला, "आम्हालाही माहीत नाही." तुमच्या दोघांचे वकील मान डोलवत होते, एकाच तालावर.

मग माझी पाळी. दोन्ही चिठ्ठ्या माझ्या पाकिटात होत्या, एक निळी, एक नारिंगी. हात पाकिटात गेला होता. तेवढ्यात मागच्या बाकावर बिबांग दिसली. तिनं मला बोट उचलूनही खुणावलं नाही. नुसती बसली होती, टोपली मांडीवर घट्ट धरून. चिठ्ठ्या बाहेर आल्या की पहिला प्रश्न येणार, कुणाच्या घरच्या? मग नवऱ्याचं काम गेलंच आहे, मुलीचं शिक्षणही गेलं असतं, वर मतासाठी तांदूळ घेतला म्हणून गुन्हा. पक्षाचं एक माणूस त्यात अडकलं नसतं. तू एक वाक्य बोलला असतास तर तिचं नाव घ्यायची गरजच नव्हती. तू बोलला नाहीस, म्हणून मला गप्प बसावं लागलं.

मी म्हटलं, "बाई, मला नीट दिसत नाही."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट केलं. "ते वाचा बरं, माएस्त्रा."

मला ते कॅलेंडर दिसत होतं. तांदळाच्या गिरणीचं होतं. खाली बारीक अक्षरांत छापखान्याचा पत्ता होता, तोही दिसत होता. गल्लीचा नंबर सांगू? सतरा. आणि मी, जिनं तुम्हा सगळ्यांना बोट धरून वाचायला शिकवलं, त्या भरल्या कचेरीत डोळे बारीक करून चुकीची अक्षरं वाचली. एक, दोन, तीन ओळी चुकीच्या वाचल्या. मागे कुणीतरी चुकचुकलं. बाई म्हणाल्या, "पुरे, माएस्त्रा, बसा." इतक्या मायेनं म्हणाल्या की मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा तू एकदा वर पाहिलंस. तुला माहीत होतं. मागच्याच महिन्यात तुझ्या धाकटीच्या पायातला काटा मी दिव्याशिवाय काढला होता.

निकाल: मोजणी कायम. कपितान कायम. शिक्षिका पासियाना हिला दृष्टिदोषामुळे आजपासून निवृत्त करावं, वर्ग देऊ नये. भाताचा डाग पडलेल्या त्या कागदावर मी सही केली. वकिलानं पेन दिलं. निळं होतं.

नऊ तारखेला माझ्या वर्गात दुसरं कुणी असेल. तुझ्या धाकटीला सांग, पेन्सिल फार दाबू नकोस. ती तुझ्यासारखीच दाबते.

पासियाना

•

१६ जून, सोमवार

रुफिनो,

हेही दाराखालूनच सरकवते आहे. काल संध्याकाळी तू आलास. चालत आलास, एकटा, शर्टही पांढरा. मी दार उघडणार होते. कडीवर हात होता माझा. मग तू बाहेरूनच बोललास, "मनांग, खासदार म्हणतात, मैदानावरच्या फळीवर तुमचंही नाव टाकू. त्यांच्या नावाखाली. आदर्श शिक्षिका म्हणून." कडीवरचा हात मी काढून घेतला. तू अर्धा तास उभा होतास, मी मोजला.

मुलं आठवडाभर शाळेत जातायत. इथून मुळाक्षरांचा आवाज येतो. नवी शिक्षिका घाई करते. दोन-चार दिवसांत सवय होईल मला, किंवा नाही होणार.

आता खरं सांगते. आजवरच्या सगळ्या पत्रांत एक गोष्ट मी लपवली. मी तुला लिहिलं की बिबांगसाठी क्रम बदलला. बिबांगची मतपत्रिका साठाच्या पुढे होती. तक्रारीतला आकडा बरोबर होता. मी एकोणिसाव्या मतपत्रिकेपासून खोटं वाचत होते.

एकोणिसावी मतपत्रिका तुझी होती.

वर तुझंच नाव, पोट पुढे काढलेल्या आरनं. खाली निळी नावं, पहिलं, दुसरं, तिसरं, अगदी ओळीत. तेव्हा मला कळलं की पक्षानं तुलाही क्रम दिला होता. उमेदवारावरसुद्धा त्यांचा भरवसा नव्हता, त्यालाही चिठ्ठी. आणि तू ती मुकाट्यानं घेतलीस! गावाला चिठ्ठ्या वाटणाऱ्या कपितानाच्या खिशात स्वतःची चिठ्ठी! तिथेच फाडून टाकावी अशी चीड आली मला. सहा नावं शिकवल्याप्रमाणे लिहिली होतीस. मग सातवं वाचलं.

तिबुर्सियो. आपला नोंग बुर्सियो.

बाकावर तुमच्या माणसाची पेन्सिल तयार होती. सहा नावं त्याच क्रमानं आणि सातव्या जागी बुर्सियो असं माझ्या तोंडून निघालं असतं, तर त्याला तिथल्या तिथे कळलं असतं की कपितानानंच पक्षाला दगा दिला. म्हणून मी बुर्सियोचं नाव आधी वाचलं, मग बाकीची उलटसुलट. आणि एक मतपत्रिका तशी वाचली म्हणून पुढच्या सगळ्याच तशा वाचाव्या लागल्या, नाहीतर ती एकटी उठून दिसली असती. आधीच्या अठरा घरांच्या खुणा लागल्याच, त्यांचं मी काही केलं नाही. माझा वर्ग, माझी नजर, बिबांगच्या नवऱ्याचं काम, सगळं त्या सातव्या नावापायी गेलं. बिबांगला मी नंतर पुढे केलं, कारण तुझ्यासाठी केलं हे मला स्वतःशीही कबूल करायचं नव्हतं. इतका राग होता तुझा. अजून आहे.

तू पुरता त्यांचा झाला असतास तर मी एवढी पत्रं लिहिलीच नसती. तिकिटं स्वस्त नाहीत. पण त्या पडद्यामागे, जिथे तुला कुणी बघत नव्हतं, तू पाण्याची आठवण ठेवलीस. आणि बाहेर येऊन भोंग्यावर त्याच माणसाला हसलास. या दोन्हींत खरा रुफिनो कोणता, हा प्रश्न मी महिनाभर चघळते आहे. मला आता तो चघळायचा नाही.

नोंग बुर्सियो रोज दुपारी तीनला मैदानाच्या कडेला सावलीत येऊन बसतो, काखेत तो कोंबडा. आज गावची सभा तिथेच आहे, दोन्ही रंगांची माणसं असतील. धनी आता चौदा झालेत. पंधरावा तू हो. सगळ्यांसमोर जा त्याच्यापुढे आणि सांग. तो विचारेल, माझ्या नावाच्या आधी कुणाचं लिहिलं होतंस? तू अडखळणार नाहीस, तुला क्रम पाठ आहे. निळ्यांना कळेल. कळू दे.

कोंबडा दोन्ही हातांनी घे, तो चोच मारतो. मग इकडे ये. त्याच्या रश्शासाठी पाणी चुलीवर ठेवते. आलं आहे घरात, कच्ची पपई तुझ्या परसातली येताना काढून आण. बुर्सियोलाही घेऊन ये. दार उघडं आहे.

पासियाना